टाचेला धरून

ऑक्टोबर सरत आला की कॉटरेलच्या धरणावरची वर्दळ आपोआप ओसरते. मोटरबोटी आपापल्या शेडमध्ये जाऊन बसलेल्या असतात, बटाट्याची काढणी उरकलेली असते, कालवे बंद झालेले असतात आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात हरणाची शिकार घोळत असते. पाणी उतरून काठाला चिखलाचा रुंद, पांढरट पट्टा उघडा पडतो. अशा दिवसांत तिथे फिरकतात ते फक्त ट्यूबवाले.

ट्यूब म्हणजे हवा भरलेली, घोड्याच्या नालाच्या आकाराची रबरी बैठक. छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवायची, पायात फ्लिपर अडकवायचे, ट्यूबमध्ये बसायचं आणि पाण्यात पाय मारत मासे धरत फिरायचं. यातली गंमत अशी की माणूस पाय मारतो पुढे आणि जातो मागे. कुठे चाललोय ते दिसत नाही. कुठून आलो तेवढं मात्र डोळ्यांसमोर राहतं.

थेरॉन लस्क आणि हॉलिस ब्रॅकन त्या शनिवारी उजाडताना धरणावर पोचले तेव्हा पिकअपच्या काचेवर हिम धरलं होतं. हॉलिसचं गावात टायरचं दुकान. दोघं शाळेपासूनचे मित्र. हॉलिस देहाने अवाढव्य आणि तोंडाने त्याहून.

"आज तरी सरळ जा बाबा," थेरॉनच्या ट्यूबमध्ये पंपाने हवा भरता भरता तो म्हणाला. "गेल्या खेपेला घाण्याच्या बैलासारखा असा फिरलास की माशांना घेरी आली."

"तुला दोन पाय असून कधी मासा लागलाय?"

"मला लागत नाहीत ते माझ्या बडबडीमुळे. तुला लागत नाहीत ते..." हॉलिस थांबला.

"बोल की."

"जाऊ दे. कॉफी घे. गार होतेय."

थेरॉनचा डावा पाय गुडघ्याखाली मेलेला होता. निदान तो स्वतः तसं म्हणायचा. वीजमंडळाचा तो लाइनमन. सगळी उमर खांबावर गेलेली. तीन हिवाळ्यांमागे बर्फाच्या वादळात खांबावरून पडला आणि पाठीचा कणा दुखावला. बाकीचं शरीर सावरलं, हा पाय नाही सावरला. चालायला यायचं, पण पाय उचलून टाकावा लागायचा, जसं दुसऱ्याचं सामान उचलून ठेवावं तसं. "जे परत यायचं ते पहिल्या वर्षात येतं," बॉइझीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. आता तो ऑफिसात फोनपाशी बसायचा आणि दुसऱ्यांना खांबावर पाठवायचा.

त्याची बायको रोवेना रोज संध्याकाळी त्याचा तो पाय मांडीवर घेऊन तळवा, बोटं, टाच नीट निरखायची. कुठे खडा रुतलाय का, फोड आलाय का, ते त्याला कळायचं नाही म्हणून. एकदा तो हीटरपाशी पेपर वाचत बसला होता आणि कसला तरी करपट वास येतोय म्हणून त्याने स्वयंपाकघराकडे हाक मारली होती. करपत होता त्याचाच पाय. तेव्हापासून रोवेनाने एक दिवस चुकवला नव्हता. ती कधी कुरकुरली नाही. त्याला त्याचंच जास्त लागायचं.

ट्यूबमध्ये मात्र त्याला बरं वाटायचं. पाण्यात वजन राहत नाही. उजवा पाय एकटाच काम करायचा, त्यामुळे ट्यूब हळूहळू गोल फिरायची हे खरं; पण मासे सगळीकडेच असतात, असं तो स्वतःला सांगायचा.

हॉलिस त्याच्या आवडत्या जागी, पार पलीकडच्या खडकांकडे निघून गेला. थेरॉन विलोच्या फाट्यात, काठाच्या आत शिरलेल्या पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात, राहिला. जुन्या ओढ्याच्या काठाची विलोची झाडं तिथे अजून पाण्याखाली उभी आहेत आणि पाणी फार उतरलं की त्यांचे शेंडे वर दिसतात, म्हणून ते नाव. तिथे वारा लागत नाही. एका पायाच्या माणसाला ती जागा ठीक.

सकाळ संथ गेली. त्याने पिसांची काळी माशी, म्हणजे किड्यासारखा दिसणारा गळ, दोरीच्या टोकाला बांधली, दोरी लांब टाकली आणि ती तळाशी जाऊ दिली. तासाभरात एक ट्राउट लागला, हातभर लांब, पोटाला गुलाबी. ऊन डोंगरावरून खाली उतरलं. काठावरच्या ॲस्पेनची पिवळी पानं वारा नसतानाही थरथरत होती, आणि दूर सेजच्या झुडपांनी भरलेल्या टेकाडांमागे कुणाच्या तरी बंदुकीचे बार अधूनमधून दबके वाजत होते. पाणी काचेसारखं होतं. थर्मासच्या झाकणातून निघालेली वाफ सरळ वर जात होती.

किती वेळ गेला कोण जाणे. त्याच्या लक्षात आलं की समोरच्या उतारावरचं एकटं ज्युनिपरचं झाड बराच वेळ समोरच आहे.

हे बरोबर नव्हतं. ट्यूब फिरली की ते झाड डावीकडे सरकत जाऊन दिसेनासं व्हायला हवं होतं. मग खडक, मग धरणाची भिंत, मग पुन्हा झाड, असा त्याचा नेहमीचा फेरा. आता झाड जागच्या जागी होतं. फक्त लहान झालं होतं.

तो सरळ मागे चालला होता.

वारा असेल, असं त्याला आधी वाटलं. पण वाफ तर सरळच जात होती. मग त्याने वाकून पाण्यात पाहिलं. पाणी हिरवट, नितळ होतं. उजवा फ्लिपर खालीवर होत होता. डावाही होत होता. उजव्याच्या मागोमाग, अर्धा ठेका उशिरा.

थेरॉनने उजवा पाय थांबवला. डाव्याने आणखी दोनदा पाणी मारलं आणि मग तोही थांबला.

वीज कुठून येतेय ते कळल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, ही त्याच्या धंद्यातली पहिली शिकवण. त्याने शांतपणे एकेक गोष्ट तपासली. रबराच्या वरून पोटरीला जोरात चिमटा काढला. काही नाही. डोळे मिटून पाय कुठे आहे ते ओळखायचा प्रयत्न केला. काही नाही. मग पाण्यातला प्रवाह? ओढा अजून तळाशी वाहत असेल, त्याने फ्लिपर हेलकावत असेल. हे पटण्यासारखं होतं. त्याने ते पटवून घेतलं आणि पुन्हा पाय मारायला लागला.

ट्यूब सरळ जात राहिली. आणि खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच सरळ रेषेत कुठेतरी जात होता. फाट्याचं तोंड आलं, तरी तो थांबला नाही. उघड्या पाण्यात शिरला.

तेव्हा त्याला ती वलयं दिसली.

तो आला होता त्या वाटेवर, त्याच्या पायांपासून थेट फाट्याच्या आतपर्यंत, पाण्यावर एका रांगेत लहान लहान वलयं उठत होती. मासे वर येऊन किडे टिपतात तेव्हा उठतात तशी. पण मासे असे ओळीने येत नाहीत. दोन वलयांमधलं अंतरही सारखंच होतं. तो हलला की ती हलायची. तो थांबला की पाणी सपाट व्हायचं.

तरीही मासेमारच तो. त्याने सगळ्यात जवळच्या वलयावर नेमकी माशी टाकली.

दोरीला हलकी ओढ लागली. माशाची नव्हे. मासा हिसका देतो. हे कुणीतरी दोरी चिमटीत धरून बघत असल्यासारखं होतं. मग दोरी सैल झाली. त्याने ती गुंडाळून घेतली तर टोकाला माशी नव्हती. ट्राउटच्या दातांनी दोरी तुटते, ते त्याने शंभरदा पाहिलं होतं. ही तुटली नव्हती. टोकाला मुडपल्याच्या खुणा होत्या, बुटाची नाडी सोडल्यावर राहतात तशा. गाठ सोडवली होती कुणीतरी. सवडीने.

त्याने दुसरी माशी बांधली. या वेळी गाठ दोनदा ओढून पाहिली. ती माशीही गेली आणि दोरीचं टोक तसंच कुरळं होऊन परत आलं.

तिसरी त्याने बांधली नाही. गळाची काठी आडवी मांडीवर ठेवली आणि परत फिरावं असं ठरवलं.

तेवढ्यात वारा आला.

त्या भागात दुपारचा वारा सांगून येत नाही. आधी टेकाडावरचं गवत झोपलं, मग पाणी काळं पडलं, मग थेरॉनच्या तोंडावर पहिली लाट फुटली. वारा नैर्ऋत्येचा होता, म्हणजे थेट धरणाच्या भिंतीकडे नेणारा. तिथे काठ नाही, नुसते टोकदार दगड रचलेले आहेत आणि त्यांवर लाटा आपटतात. ट्यूब तिथे गेली की फाटते. छातीपर्यंतची विजार पाण्याने भरली की माणसाला वर यायला कुणीतरी ओढणारं लागतं.

हॉलिस कुठेच दिसत नव्हता. हाक मारून उपयोग नव्हता.

फाट्याच्या उजव्या अंगाला चिखलाचा उतार होता, तिथवर पोचायचं होतं. थेरॉनने तिकडे पाठ केली आणि पाय मारायला सुरुवात केली. ट्यूब जड झाली होती. पाण्याने जड होते तशी नव्हे. मागे काहीतरी बांधलेलं असावं तशी, आणि ते काहीतरी त्याच्या समोर होतं, पायांच्या पलीकडे. लाटांतही ती रांग त्याला दिसत होती. वाऱ्याने सगळं पाणी फाटलं होतं, फक्त तेवढ्या पट्ट्यात ते गुळगुळीत होतं.

त्याच वेळी त्याच्या डाव्या टाचेला ऊब लागली.

त्याला आधी ते शब्दात सापडेचना. तीन वर्षं ज्या जागी काहीच नव्हतं तिथे एक नाण्याएवढी ऊब होती. ती पसरली. तिला आकार आला.

एक बोट. दुसरं. मग सगळी. पलीकडून अंगठा.

कुणीतरी त्याची टाच धरली होती. रबर, लोकरी मोजे, फ्लिपरचा पट्टा, या सगळ्याच्या आत, थेट कातडीवर. हात लहान होता. टाचेभोवती पुरता पोचत नव्हता.

थेरॉन ओरडला नाही.

त्याने उजवा पाय उचलला आणि फ्लिपरच्या कडेने डाव्या टाचेवरून घासून पाहिलं. तिथे काही नव्हतं. फ्लिपर मोकळ्या पाण्यातून गेला.

पण तो घासून गेल्याबरोबर टाचेवरची बोटं घट्ट झाली. पडायला लागलेलं पोर हाताला लागेल ते धरतं, तशी.

पाय झाडला असता तर सुटली असती. हे त्याला पक्कं कळलं, कसं ते सांगता येणार नाही. एक जोराचा झटका, आणि ट्यूब हलकी झाली असती.

लाट आली. भिंतीवर पाणी आपटल्याचा आवाज आता स्पष्ट येत होता.

"बरं," थेरॉन म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "धर. घट्ट धर."

आणि त्याने दोन्ही पाय मारले.

डावा पाय दुखला. त्या दुखण्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटरीत कळ आली, घोट्यात आली, तळव्यात आग झाली. प्रत्येक वेळी टाचेवरचं ओझं मागे ओढायचं आणि प्रत्येक वेळी पाय त्या ओढीला उत्तर द्यायचा. उजवा, डावा. उजवा, डावा. आता अर्धा ठेकाही उशीर नव्हता.

भिंत बाजूने सरकत गेली.

मग तिचा आवाज कमी झाला.

मग त्याच्या फ्लिपरला तळ लागला.

फ्लिपर घालून सरळ चालता येत नाही, उलटंच चालावं लागतं. थेरॉन ट्यूब कमरेशी धरून, पाण्याकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत बाहेर आला. डाव्या पायाखाली चिखल गार होता. मऊ होता. त्यात एक धारदार दगड होता. हे त्याला कळत होतं, आणि ते इतकं मोठं होतं की दुसरं काही डोक्यात मावत नव्हतं. तो काठावर बसला, फ्लिपर काढले, विजार उतरवली, मोजे काढले आणि अनवाणी पाय जमिनीवर ठेवला. सेजची वाळकी काडी टोचली. त्याने पाय उचलला आणि पुन्हा त्याच काडीवर ठेवला.

हॉलिसची पिकअप काठाकाठाने उसळत आली. तो उतरला तो पळतच.

"तुला पलीकडून शोधतोय मी, आणि तू इथे पाय धुवत बसलास? बोटं गळून पडतील थंडीने."

"गार लागतंय, हॉलिस."

"मग लागणारच. ऑक्टोबर..." हॉलिस बोलता बोलता थांबला. "कुठे लागतंय?"

थेरॉनने बोट दाखवलं.

हॉलिस चिखलात गुडघे टेकून बसला. "डोळे मीट," हॉलिस म्हणाला, आणि खिशातली किल्ली काढली. "कुठलं बोट?"

"मधलं."

"आता?"

"करंगळी. हळू, लागतंय."

"आता?"

"टाच."

हॉलिसने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "हात मागे घेतला होता मी. फसवतोस का ते बघत होतो."

थेरॉनने डोळे उघडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसले, कारण हसायलाच हवं होतं.

"नवी तार आहे," थेरॉन म्हणाला. "सुरुवातीला थोडी गडबड व्हायचीच."

"व्हायचीच," हॉलिस म्हणाला आणि बाहीला नाक पुसून उभा राहिला. "चल. तुझ्या अंगात काहीतरी गरम गेलं पाहिजे. आई सूप करतेय."

हॉलिसची आई, अल्वेना ब्रॅकन, त्याच्याकडेच राहायच्या. ऐंशी उलटलेल्या, काटक बाई. एका बुटाचा तळवा जाड, लहानपणापासून पाय आखूड राहिलेला म्हणून. थेरॉन त्यांना शाळकरी वयापासून ओळखत होता आणि अजूनही त्यांच्या स्वयंपाकघरात टोपी काढून बसायचा. त्यांनी पाय परत आल्याची हकीकत ऐकून घेतली, थेरॉनच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि त्याच्यापुढे सूप ठेवलं. बटाटा, कांदा आणि हरणाचं सॉसेज. बाहेर ऊन तिरपं झालं होतं.

"आणि आई, एवढा सगळा तमाशा चाललेला आणि याच्यापुढे माशांची ही रांग," हॉलिस पाव मोडत म्हणाला. "मी खडकावरून बघितली ना. फाट्याच्या तोंडापासून याच्या पायापर्यंत. एकाला एक लागून. आणि या शहाण्याने आणला किती? एक."

अल्वेनाबाई दुसरा बटाटा सोलत होत्या. सुरी थांबली.

"कुठला फाटा?"

"विलोचा."

त्यांनी सुरी खाली ठेवली, हात ॲप्रनला पुसले आणि थेरॉनसमोरची खुर्ची ओढून बसल्या. "रांग सरळ होती?"

"हो," थेरॉन म्हणाला.

"तिथे धरणाआधी गरम पाण्याचं कुंड होतं," त्या म्हणाल्या. "वर लाकडी छप्पर. पोलिओ झालेल्या पोरांना तिथे ठेवायचे. मी एक हिवाळा होते. हॉलिस, तुला कधी सांगितलं नाही मी."

"नाही," हॉलिस म्हणाला.

"एक बाई होत्या. उंच. त्या आम्हाला पाण्यात ओळीने सोडायच्या. ज्याला थोडंफार जमतंय तो पुढे. बाकीच्यांनी एकामागे एक, पुढच्याची टाच धरायची. आणि चांगला पाय नाही धरायचा, हं. चांगला मोकळा हवा. अधू पाय धरायचा. म्हणायच्या, ओझं आलं की पाय जागा होतो." त्या थेरॉनकडे बघत होत्या. "आणि व्हायचा. माझा झाला. या काठावरून त्या काठाला न्यायचं सगळ्यांना. ज्याला चालता आलं तो घरी."

"आणि ज्यांना नाही आलं?" हॉलिसने विचारलं.

"ते राहिले," अल्वेनाबाई म्हणाल्या. "मी गेले घरी. मला नाही माहीत पुढचं."

सूप निवत होतं.

"थेरॉन," त्या म्हणाल्या, अगदी हलक्या आवाजात, जसं आजारी माणसाला विचारावं तसं. "तू काठावर आलास तेव्हा टाच सोडली का रे?"

थेरॉनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याने काठ आठवला. चिखल, दगड, काडी. हॉलिसची किल्ली. पिकअपमधली हीटरची गरम हवा. प्रत्येक गोष्ट पायाला लागल्याची त्याला स्वच्छ आठवण होती. सुटल्याची नव्हती.

मग त्याने टेबलाखाली पाहिलं. लोकरी मोजा होता, बूट होता. आत टाचेभोवती ती ऊब तशीच होती, चार बोटं आणि अंगठा, आता अगदी सैल, निवांत धरलेली. पायात जीव आला म्हणजे असंच वाटत असेल, असं इतका वेळ त्याला वाटत होतं.

"नाही," तो म्हणाला.

अल्वेनाबाईंनी मान हलवली. त्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या. उलट थेरॉनला वाटलं, इतक्या वर्षांत त्या इतक्या तरुण कधी दिसल्या नव्हत्या.

"तुला त्रास होतोय का त्याचा?"

त्याने विचार केला. खरं काय ते सांगायला हवं होतं. "नाही," तो म्हणाला. "हे असं असेल तर चालतो मी."

"मग चाल," त्या म्हणाल्या.

त्याने रोवेनाला फोन केला नव्हता. रोजच्यासारखा तिने पाय मांडीवर घ्यावा, तळव्यावरून अंगठा फिरवावा आणि त्याने पाय आखडून घ्यावा, गुदगुल्या होतात म्हणून. तेव्हाच तिला कळावं, असं त्याच्या मनात होतं. अंधार पडायच्या आत चालत घरी पोचायचं तर निघायला हवं होतं. तो उठला, टोपी घातली, सुपासाठी आभार मानले. हॉलिसने पुढे होऊन दार उघडलं.

पोर्चला पाच-सहा पायऱ्या होत्या. थेरॉन नेहमी कठडा धरून, डावा पाय आधी खाली ठेवून मग उजवा, असा उतरायचा. आज त्याने कठडा धरला नाही. पण तो भरभरही उतरला नाही. एक पायरी, मग जरा दम, मग दुसरी. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा पायच तसा पडत होता, लहानांना बरोबर घेऊन उतरताना पडतो तसा. त्याने मागे वळून पाहिलं नाही. संध्याकाळचं ऊन अंगणातल्या वाळक्या गवतावर पडलं होतं, रस्त्यापलीकडे कुणीतरी पानं जाळत होतं, आणि त्याचा पाय जमिनीचा प्रत्येक खड्डा नीट सांगत होता.

तो फाटकापाशी पोचला तेव्हा मागून हॉलिसचं बोलणं ऐकू आलं. "गारठा आत येतोय आई, दार लावतो."

"थांब रे," अल्वेनाबाई आतून म्हणाल्या. "एवढ्यात लावू नकोस. अजून बाहेर पडतायत."

"कोण?"

दाराची बिजागरी मात्र वाजली नाही. थेरॉन फाटक उघडून रस्त्यावर आला, आणि कोपरा वळेपर्यंत हॉलिस दार धरून तसाच उभा होता, एका अंगाला सरकून, वाट देऊन.